इंग्लंडच्या शाळेतलं गणित: उत्तर येतं, तरी मार्क का जातात?

२०१५च्या उन्हाळ्यात बाबांच्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याहून इंग्लंडात, रेडिंगला आलो. माझी मराठी माध्यमातून आठवी झाली होती. सप्टेंबरात इथल्या शाळेत गेले ती थेट इयर १० मध्ये. इथे वर्ग वयावरून ठरतो, त्यामुळे आपली नववी आणि इथलं इयर १० साधारण बरोबरीचं. इयर ११ संपताना जीसीएसई, म्हणजे इथली बोर्डाची परीक्षा, असते, म्हणजे माझ्या हातात जेमतेम दोन वर्षं होती.

गणिताची मला कधीच भीती नव्हती. तीसपर्यंत पाढे पाठ, पावकी-निमकी आजोबांनी करून घेतलेली. तरी मला पाचपैकी सेट ४ मिळाला. सेट म्हणजे गणितापुरत्या केलेल्या तुकड्या: हुशार समजले जाणारे सेट १ मध्ये, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. ज्या चाचणीवरून माझा सेट ठरला, तिच्यात सोडतीची तिकिटं, दुधाचे पाइंट, मैलांचा प्रवास असली शाब्दिक उदाहरणं होती. आकडेमोड मला येत होती, वाक्यं कळत नव्हती. शाळेने दोन्ही एकच धरलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सेटची गोष्ट एवढ्या तपशिलात सांगते आहे, कारण नव्याने येणाऱ्यांना तिचा परिणाम उशिरा कळतो. जीसीएसई गणिताच्या दोन पातळ्या असतात, फाउंडेशन आणि हायर. श्रेणी १ ते ९, त्यात ९ सर्वात वरची. फाउंडेशनला कितीही चांगला पेपर लिहिला तरी सर्वात वरची श्रेणी ५. ६ ते ९ फक्त हायरमधून मिळतात. ए लेव्हलला, म्हणजे जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, गणित घ्यायचं तर बहुतेक ठिकाणी किमान ६ किंवा ७ मागतात. आणि खालच्या सेटला सहसा फाउंडेशनचाच अभ्यासक्रम शिकवतात. म्हणून पहिल्याच पालकसभेत आईबाबांनी सरळ विचारावं: मुलाला कोणत्या पातळीसाठी तयार करताय, आणि सेट बदलायचा तर काय करावं लागेल? विचारण्यात उद्धटपणा काही नाही, इथे ते अपेक्षितच असतं.

आता मार्कांचं. जीसीएसई गणिताचे तीन पेपर, दीड-दीड तासाचे. एकात कॅल्क्युलेटर नाही, उरलेल्या दोनांत चालतो. कॅल्क्युलेटरशिवायचा पेपर म्हणजे आपलंच अंगण, असं मला वाटायचं. पहिल्या सराव चाचणीत एक उदाहरण होतं: ६१.२ गुणिले ९.८७, भागिले ०.४९. वर एकच शब्द, ‘एस्टिमेट’. मी मन लावून गुणाकार केला, भागाकार केला, १२३२.७४ पर्यंत उत्तर आणलं. शून्य मार्क. ‘एस्टिमेट’ म्हणजे प्रत्येक संख्या आधी एका सार्थ अंकापर्यंत आणायची: ६० गुणिले १०, भागिले ०.५, उत्तर १२००. तेवढंच हवं होतं.

दुसरा धक्का शेकडेवारीत बसला. जाकिटाची किंमत २० टक्क्यांनी उतरून ६८ पौंड झाली, तर मूळ किंमत किती? ६८चा पाव मिळवला की झालं, मी मनातच केलं. पण घाईत पाव सोळा धरला आणि नुसतं ८४ लिहिलं. तीनपैकी शून्य. शेजारच्या मुलीने ‘८० टक्के म्हणजे ६८’ लिहिलं, खाली ‘६८ भागिले ०.८’ लिहिलं आणि दशांशचिन्ह चुकवून उत्तर दिलं ८५०. तिला तीनपैकी दोन मिळाले. इथे रीतीला वेगळे मार्क असतात. तोंडी हिशेब ही आपली ताकद आहे, ती सोडू नका. पण प्रत्येक पायरी कागदावर उतरवा. ‘शो दॅट’ म्हटलं की उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं, म्हणून सगळे मार्क पायऱ्यांचेच. ‘हेन्स’ आलं की आधीच्या उपप्रश्नाचं उत्तर वापरायचं.

भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी कोणी मागत नाही. कारण मात्र नेमक्या शब्दांत लागतं. वर्गात सगळे ‘झेड अँगल’ म्हणतात, तो म्हणजे आपला व्युत्क्रम कोन. पेपरात ‘ऑल्टरनेट अँगल्स आर ईक्वल’ असंच लिहावं लागतं, झेड लिहून मार्क मिळत नाही. मी एक पाठकोरी वही केली होती. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी: संगत कोन – कॉरस्पाँडिंग, लसावि – एलसीएम, मसावि – एचसीएफ, छेद – डिनॉमिनेटर. महिन्याभरात दीडशे शब्द झाले आणि शाब्दिक उदाहरणं उलगडायला लागली. शब्दार्थ देणारा साधा मराठी-इंग्रजी शब्दकोश गणिताच्या परीक्षेत नेता येतो, मात्र वर्गात रोज तोच वापरात असायला हवा. शाळेशी आधीच बोलून ठेवा.

लाख-कोटी इथे नाहीत. स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर येतो आणि दहा लाखांचा एक मिलियन होतो. याला सरावायला मला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागले.

सेट बदलला तो एका स्पर्धेमुळे. यूकेएमटी या गणिताच्या स्पर्धा घेणाऱ्या संस्थेचं ‘इंटरमीडिएट मॅथमॅटिकल चॅलेंज’ दरवर्षी हिवाळ्यात असतं. एका तासात २५ प्रश्न, पर्यायी उत्तरं, कॅल्क्युलेटर नाही. आमच्या शाळेत फक्त वरच्या दोन सेटना बसवत. तास संपल्यावर मी थांबले आणि मिसना मोडक्या इंग्रजीत विचारलं, मी बसू का? त्यांनी कुठूनतरी एक जादा प्रत मिळवली. मला गोल्ड प्रमाणपत्र मिळालं आणि ईस्टरनंतर मी सेट २ मध्ये गेले. त्या मिसचे उपकार मी विसरणार नाही.

तिथे हिस्टोग्रामची फ्रीक्वेन्सी डेन्सिटी, बॉक्स प्लॉट, सदिश, संभाव्यतेचे वृक्ष असं बरंच माझ्यासाठी कोरं होतं. ९ ते १ श्रेणींच्या नव्या गणिताची आमची पहिलीच तुकडी, त्यामुळे मागच्या वर्षांचे पेपरच नव्हते, नुसते नमुना पेपर. आज एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर या परीक्षा मंडळांचे अनेक वर्षांचे पेपर आणि गुणदान तक्ते मोफत मिळतात. आपल्या शाळेचं मंडळ कोणतं ते विचारून घ्या, आणि पेपराइतकाच गुणदान तक्ता वाचा. मार्क कुठल्या ओळीला पडतो ते तिथे दिसतं.

हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडमध्ये जीसीएसई नाही, तिथे नॅशनल ५ आणि मग हायर नावाच्या वेगळ्या परीक्षा असतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये निकालाचा कागद हातात आला. गणित आणि इंग्रजीपुढे आकडे, बाकी विषयांपुढे जुनी अक्षरं. गणितापुढे ८ होता. आईने तिथूनच साताऱ्याला फोन लावला. आजोबांनी विचारलं, “शंभरातले किती?” मी त्यांना सांगितलं की इथे श्रेणी असते, ८च्या वर फक्त ९. ते थोडं थांबले आणि म्हणाले, “मग पावकी उपयोगी पडली म्हणायची.”