अमेरिकेत पहिलं घर घेतलंत? एसीचं पाणी कुठे जातं ते आधी बघा

चाव्या हातात आल्या की आपली मंडळी सोफा आणि गृहप्रवेशाच्या मागे लागतात. सेंट्रल एसी कुठे आहे विचारलं, तर थर्मोस्टॅटकडे बोट दाखवतात. ते नुसतं बटण. कॉम्प्रेसर घराबाहेर असतो. गार होणारी कॉइल आणि पंखा अ‍ॅटिकमध्ये, एखाद्या क्लोजेटमध्ये किंवा बेसमेंटमध्ये. भाड्याने राहत असाल तर फिल्टरपुरतं वाचा.

फिल्टरचं सगळेच सांगतात. जुन्याच्या पुठ्ठ्यावर १६×२५×१ असं इंचातलं माप छापलेलं असतं, तेच आणा. कडेचा बाण पंख्याकडे. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदला, घरात कुत्रं-मांजर असेल तर लवकर. ‘सगळ्यात भारी’ म्हणून डोळे मिटून मर्व्ह १३ घालू नका (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा). बऱ्याच पंख्यांना त्यातून पुरेशी हवा ओढता येत नाही, आणि हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो. मर्व्ह ८ बहुतेक घरांना पुरतो. बर्फ धरलाच तर कूलिंग बंद, पंखा चालू, आणि सगळा वितळेपर्यंत थांबा.

आता पाणी. एसी हवेतलं बाष्प काढतो, दमट दिवसांत कित्येक लिटर. ते एका पीव्हीसी पाइपातून बाहेर जातं आणि त्या पाइपात आतून बुळबुळीत थर धरतो. पाइप तुंबला की पाणी यंत्राखालच्या ट्रेमध्ये, ट्रे भरला की छतात. आधी बेडरूमच्या छतावर चहा सांडल्यासारखा डाग दिसतो. आपली माणसं काय करतात? त्यावर रंग मारतात! हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय. मग एके दिवशी फुगलेलं शीटरॉक, म्हणजे छताचा जिप्सम बोर्ड, थेट पलंगावर. विमा कंपनीकडे जावं, तर हळूहळू झालेली गळती म्हणजे देखभालीतली हयगय, असं म्हणून त्या बहुधा हात वर करतात.

यंत्राजवळ या पाइपाला टोपण असलेला एक उभा तुकडा असतो. उन्हाळाभर महिन्यातून एकदा त्यात कपभर पांढरं व्हिनेगर ओता. तरीही तुंबला तर बाहेरच्या टोकाला वेट-ड्राय व्हॅक्यूम लावा, जोडाभोवती ओली चिंधी घट्ट गुंडाळून. कित्येक घरांत दुसरा एक पाइप मुद्दाम खिडकीच्या वर काढलेला असतो. तिथून थेंब पडताना बघून ‘वा, एसी काम करतोय’ म्हणू नका. तो कोरडाच असायला हवा. तिथे पाणी आलं म्हणजे मुख्य पाइप तुंबला. ट्रेला फ्लोट स्विच नसेल तर बसवून घ्या, पाणी चढलं की तो एसी बंद करतो. आणि असा स्विच असताना एसी अचानक मुका झाला, तर नवा थर्मोस्टॅट आणायला धावण्याआधी टॉर्च घेऊन ट्रे बघा.

‘दरवर्षी गॅस भरायचा असतो’ ही समजूत तिकडेच सोडून या. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती. ती न शोधता नुसता गॅस भरणारा पुढच्या वर्षी पुन्हा येणार, हे त्यालाही ठाऊक असतं. स्वतः भरायचा उद्योग नको. त्याला ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, सेक्शन ६०८ प्रमाणपत्र लागतं. बाहेरच्या युनिटवर आर-२२ हे जुन्या गॅसचं नाव लिहिलं असेल तर घर घेतानाच घासाघीस करा. त्या गॅसचं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद आहे.

थर्मोस्टॅट ६० फॅरनहाइटवर नेला की घर झटपट गार होईल, हे म्हणजे पी हळद अन् हो गोरी. साधं यंत्र तेवढ्याच जोराने चालतं, फक्त थांबायचं विसरतं. रिकाम्या खोल्यांचे व्हेंट बंद करायची काटकसरही नको, त्याने हवाच अडते. पंखा ‘ऑटो’वर ठेवा, ‘ऑन’वर कॉइलवरचा ओलावा परत घरात येतो.

बाहेरच्या युनिटभोवती दोन फूट मोकळी जागा ठेवा, धुवायला साधा होज पुरे. ते गुणगुणतंय पण पंखा फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर (मोटर सुरू करून देणारा विजेचा भाग) गेलाय. व्हिडिओ बघून तो बदलणारे इंजिनिअर आपल्यात पैशाला पासरी, पण वीज तोडल्यावरही त्यात चार्ज राहतो, म्हणून माणूस बोलवा. आणि तो लवकर बोलवा: वसंतात बाहेर ६० फॅरनहाइटच्या वर गेलं की एसी अर्धा तास चालवून बघा. पहिल्या उकाड्याला फोन केलात तर आठवडाभराने नंबर लागेल.