पावती फाडून सत्कार: अमेरिकेतल्या ऑनर्सच्या भानगडी

२०१४ च्या ऑक्टोबरात मला एक मेल आला. नाशिकहून अमेरिकेच्या मिडवेस्टात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला येऊन जेमतेम आठ आठवडे झाले होते. माझी 'असामान्य शैक्षणिक कामगिरी' पाहून एका राष्ट्रीय ऑनर सोसायटीने मला निवडलंय, असं त्यात लिहिलं होतं. आजीव सभासदत्व, प्रमाणपत्र, पदवीदानाला गळ्यात घालायची सोनेरी दोरी, आणि शुल्क फक्त ७५ डॉलर. मी लगेच घरी फोन लावून बाबांच्या कार्डाचा नंबर घेतला. तेवढ्यात आईने दुसऱ्या फोनवरून मावशीला कळवलंसुद्धा.

बाबांनी पैसे भरले. साडेचार हजार रुपये. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "तुझा पहिला निकाल कधी आहे गं?"

"डिसेंबरात."

"मग यांनी कामगिरी कसली बघितली? आणि सत्काराची पावती सत्कारमूर्तीने कधीपासून फाडायची? आपल्या ज्ञातीमंडळाच्या गुणवंत सत्कारात निदान नारळ आणि पाकीट तरी मिळतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षांनी मिळालं, ते असं की काही सत्कार खरे असतात, काही विकत मिळतात, आणि यातल्या कशाहीपेक्षा ऑनर्सचं काम ही वेगळीच चीज आहे. हे पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे ऑनर्स हा पदवीचा प्रकार. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तर चौथं वर्ष केलं की पदवी ऑनर्सची होते. अमेरिकेत तोच शब्द चार ठिकाणी भेटतो. सेमिस्टरचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, ठरावीक आकड्यावर गेला की डीन्स लिस्टमध्ये आपोआप नाव लागतं. शेवटी एकूण जीपीएवरून पदवीवर कम लाउडे, मॅग्ना कम लाउडे किंवा सुमा कम लाउडे छापून येतं, म्हणजे आपलं डिस्टिंक्शन. या दोन्हींसाठी मार्कांपलीकडे काही करायचं नसतं, त्यामुळे त्या इथेच सोडते. उरतात ऑनर्स कॉलेज आणि ऑनर सोसायटी. पहिलं म्हणजे विद्यापीठाच्या आतला जास्तीचा अभ्यास. दुसरी म्हणजे देशभर शाखा असलेली संस्था, जी तुम्हाला बोलावते. दोन्ही एकच आहेत असं मी वर्षभर धरून चालले होते.

ऑनर्स कॉलेजमध्ये मी दुसऱ्या वर्षी शिरले. पहिल्या वर्षी शिरता आलं नाही, कारण त्याचा अर्ज वेगळा भरायचा असतो, त्याला वेगळे निबंध लागतात आणि त्याची तारीख प्रवेशाच्या अर्जाआधी येऊ शकते, हे मला ठाऊकच नव्हतं. बऱ्याच ठिकाणी आत शिकणाऱ्या मुलांना जीपीए दाखवून नंतरही घेतात. फॉर्म वेबसाइटच्या एखाद्या कोपऱ्यात असतो. शोधा.

ही कल्पना मुळात ऑक्सफर्डची. तिथे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकून आलेले फ्रँक एडलॉट फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १९२२ मध्ये त्यांनी तिथे ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथल्या ऑनर्सच्या मुलांची लेखी आणि तोंडी परीक्षा अजूनही बाहेरून आलेले परीक्षक घेतात. व्हायव्हाच्या आदल्या रात्री 'एक्स्टर्नल कोण येणार' म्हणून झोप उडालेल्यांना ही धास्ती वेगळी समजावून सांगायला नको. मोठ्या सरकारी विद्यापीठांत रूप जरा निराळं असतं. छोटे सेमिनार, नेहमीच्या विषयात जादा काम, आणि शेवटी प्रबंध, ज्याला सगळे थिसिस म्हणतात.

फायद्यांत राहायला वेगळं हॉस्टेल वगैरे सांगतात, पण मला सगळ्यात उपयोगी पडली ती आधी नाव नोंदवायची मुभा. चांगल्या प्राध्यापकाचा वर्ग भरायच्या आत तुमची जागा पक्की. याची किंमत कळायला एकदा सकाळी आठचा डायनॅमिक्स नशिबी यावा लागतो.

सेमिनारने मात्र घाम फोडला. दोनशे जणांच्या हॉलमध्ये मागे बसून वही भरायची सवय असलेली मी, इथे पंधरा जण एका टेबलाभोवती, आणि बोलण्याला मार्क. विषय होता नद्या आणि पाणीवाटप. पहिले दोन आठवडे मी हूं की चूं केलं नाही. मग प्राध्यापिकेने बोलावून घेऊन विचारलं, तुझ्या गावाला नदी आहे का? २०१५ चं ते वर्ष, नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून आमच्याकडे रान पेटलं होतं. वरच्यांचं पाणी की खालच्यांचं, हा वाद मी लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकत आलेय. पुढच्या तासाला मी वीस मिनिटं बोलले. व्याकरण कुठच्या कुठे गेलं, पण कुणी हसलं नाही आणि प्रश्न मात्र खूप आले. सेमिनारमध्ये बोलायला सगळं वाचून झालेलं असावं लागत नाही, आपल्याकडे सांगण्यासारखं काही असावं लागतं, हे तेव्हा उमगलं.

एका सेमिस्टरला मी पुरती फसले. ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट नावाचा प्रकार असतो. साध्या विषयात प्राध्यापकाशी ठरवून एखादा जादा प्रकल्प करायचा, की तो विषय ऑनर्समध्ये धरला जातो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांना मी तासानंतर दारात गाठून विचारलं. त्यांनी मान डोलावली. मी जीव ओतून प्रकल्प केला आणि सेमिस्टरअखेर सही मागायला गेले, तेव्हा कळलं की फॉर्म तिसऱ्या आठवड्यातच भरायचा होता. ऑफिसमधल्या बाईंनी फार गोड शब्दांत नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून डोलावलेल्या मानेला मी हो समजत नाही. त्याच संध्याकाळी मेल लिहून ठेवते, 'आज आपलं असं ठरलं'.

थिसिसबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेक मुलं ऑनर्स सोडतात ती इथेच. मी सहा प्राध्यापकांना लिहिलं होतं. पहिल्या पाच मेलांत 'तुमच्या संशोधनात मला खूप रस आहे' एवढंच होतं. त्या पाचही मेलांना उत्तर नाही. सहाव्यांचा एक पेपर मी खरोखर वाचला, त्यातला एक आलेख मला कळला नव्हता, तोच प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "गुरुवारी लॅबमध्ये ये. जुने बूट घालून ये."

ते काँक्रीटवर काम करायचे. सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख घालायची आणि ताकद मोजायची. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या बघत मोठी झालेल्या मुलीला राखेची ओळख करून द्यावी लागली नाही. चार इंच व्यासाचे आणि आठ इंच उंचीचे सिलिंडर ओतायचे, दमट खोलीत ठेवायचे आणि मग दाबयंत्रात फोडायचे. मी वेळापत्रक केलं होतं ७ आणि २८ दिवसांचं, कारण पुस्तकात तेच होतं. सरांनी कागद पाहून त्यावर ५६ लिहिलं. राखेचं काँक्रीट सावकाश ताकद धरतं, २८ दिवसांवर थांबलीस तर त्याच्यावर अन्याय होईल.

५६ दिवस म्हणजे आठ आठवडे. सेमिस्टर सगळी पंधरा-सोळा आठवड्यांची. म्हणजे ओतकाम सप्टेंबरच्या आत संपवायचं, मिश्रण बिघडलं तर दुसऱ्या संधीला जागा ठेवायची, आणि फोडायचा दिवस नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येऊ द्यायचा नाही. माझी पहिली खेप वायाच गेली. पाणी जास्त झालं आणि सिलिंडरच्या टोकाला पिठल्यासारखी साय आली. सगळे म्हणतात, थिसिस चौथ्या वर्षी करायचा असतो. लिहायचा चौथ्या वर्षी, काम तिसऱ्या वर्षापासून. रसायनशास्त्र असो की इतिहास, तुमच्या विषयातले ते ५६ दिवस कोणते आहेत हे मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत विचारा.

आता सोसायट्या. सगळ्यांत जुनी फाय बीटा कॅपा. ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर पाच महिन्यांनी, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी ती काढली. ती कला आणि विज्ञान शाखांची. इंजिनिअरिंगवाल्यांना तिथे जागा नव्हती, म्हणून १८८५ मध्ये लीहाय विद्यापीठात टाऊ बीटा पाय सुरू झाली. तिला तिसऱ्या वर्षातले वरचे एक अष्टमांश आणि शेवटच्या वर्षातले वरचे एक पंचमांश विद्यार्थी चालतात, आणि मार्कांबरोबर चारित्र्यही बघतात. बायकांना पूर्ण सभासदत्व मिळायला मात्र १९६९ उजाडलं. हे मला शाखेतल्या जुन्या फोटोंनी सांगितलं. भिंतभर टायवाले पुरुष.

त्यांचं निमंत्रण मला तिसऱ्या वर्षी आलं. या वेळी मी आधी चौकशी केली. विद्यापीठाच्या वेबसाइटवर शाखेचं नाव होतं, एक प्राध्यापक सल्लागार होते, आणि निमंत्रणात नुसतं शुल्क नाही तर हजेरी लावायच्या कामांची यादी होती. खऱ्या सोसायट्यासुद्धा पैसे घेतात, त्यामुळे पैसे मागितले म्हणजे फसवणूकच असं नाही. १९२५ पासून ऑनर सोसायट्यांची एक शिखर संघटना आहे, असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज. तिच्या यादीत नाव असेल तर शंका बरीच कमी होते. पण फाय बीटा कॅपासारखी बुजुर्ग संस्थाही त्या यादीत नाही, म्हणून निव्वळ यादीवर निकाल लावू नका. सरळ एखाद्या प्राध्यापकाला विचारा. बाबांचा प्रश्न तर सगळ्यात सोपा: माझे मार्क यांना कुणी दिले?

प्रवेशाआधी आमच्या हातात एक ओबडधोबड पितळी ओतीव तुकडा ठेवला. त्याला बेंट म्हणतात, रेल्वेच्या घोडीपुलाला आधार देणाऱ्या चौकटीचा आकार, आणि तेच टाऊ बीटा पायचं चिन्ह. कानशीने कडा घासायच्या, मग २२० चा पॉलिश पेपर, मग ४००, मग ६००, आरशासारखा होईपर्यंत. माझा तुकडा तीन रात्री घासूनही काळपट. व्हिडिओ कॉलवर आईने बघितलं आणि म्हणाली, "अगं, चिंच लाव." इंडियन स्टोअरमधून चिंच आणली, थोडं मीठ घेतलं, दहा मिनिटांत तुकडा समईसारखा झळकला. शेजारचा ओहायोचा मुलगा डोळे फाडून बघत होता. त्याच्या तुकड्यालाही लावून दिली. तो बेंट आता नाशिकला आहे आणि दिवाळीला देवांच्या भांड्यांबरोबर पितांबरीने निघतो.

दोरी-प्रमाणपत्रापेक्षा तिथलं मंगळवार संध्याकाळचं काम मला जास्त शिकवून गेलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवायचं. पुढे मी शाखेची खजिनदार झाले. अठ्ठावीस पिझ्झांचं बिल विद्यापीठाच्या नियमात बसवणं ही इंजिनिअरिंगहून अवघड विद्या आहे. नोकरीच्या मुलाखतीत सोसायटीबद्दल मला एकदाच विचारलं गेलं, तेही समोरचे गृहस्थ स्वतः सभासद होते म्हणून. थिसिसबद्दल प्रत्येकाने विचारलं, आणि वाया गेलेल्या पहिल्या खेपेबद्दल तर हमखास.

एफ-१ व्हिसावाल्यांनी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी, एक गोष्ट गाठीला बांधावी. ऑनर्स कॉलेजच्या माहितीसत्रात ज्या मोठमोठ्या शिष्यवृत्त्या झळकतात, त्यातल्या कित्येक आपल्याला बंद असतात. गोल्डवॉटर शिष्यवृत्ती हवी तर नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून चालणाऱ्या उन्हाळी संशोधनाचंही तसंच. तिथे वेळ घालवण्यापेक्षा आपल्या विभागाचा आणि ऑनर्स कॉलेजचा स्वतःचा संशोधन निधी गाठा, तो बहुधा पासपोर्ट विचारत नाही. लॅबमध्ये पगारी काम असेल तर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि ती दोन नोकऱ्या मिळून आहे.

एमएसला येणाऱ्यांना ऑनर्स कॉलेजचा संबंध नाही, ते पदवीपूर्व मुलांचं. सोसायट्यांची दारं मात्र उघडी असतात. १८९७ मध्ये मेन विद्यापीठात सुरू झालेली फाय कॅपा फाय सगळ्या शाखांची आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांत वरच्या १० टक्क्यांतून निवड करते. दीड-दोन वर्षांच्या कोर्समध्ये शाखेत काम करायला वेळ मिळणार नसेल, तर नाव लावण्यापुरतं जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी गेले नसते.

आणि एच-४ वर, म्हणजे नोकरीवाल्या जोडीदाराबरोबरच्या व्हिसावर, आलेल्यांसाठी. माझी आत्येबहीण लग्न होऊन टेक्सासला आली, दोन वर्षं घरात कंटाळली, मग जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगला बसली. तिथे तिला फाय थीटा कॅपाचं पत्र आलं. तिने ते मला पाठवून विचारलं, "ताई, हेही पावती फाडायचंच आहे का?" नव्हतं. ही सोसायटी दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी १९१८ पासून आहे, आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाताना कित्येक ठिकाणी तिच्या सभासदांसाठी वेगळी ट्रान्स्फर शिष्यवृत्ती ठेवलेली असते. तिने शुल्क भरलं, शाखेच्या पुस्तकविक्रीच्या टेबलावर दोन सेमिस्टर बसली, आणि अर्जात सभासदत्वाचा रकाना भरला. शिष्यवृत्तीचं पत्र आलं तेव्हा ते तिने मला पाठवायच्या आधी माझ्या बाबांना पाठवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "यात पाकीट आहे."