फॉस्फेटचं खत मुळांपर्यंत कसं पोचवावं

नत्र पाण्याबरोबर मातीत खाली झिरपतं. फॉस्फेट मात्र पडल्या जागी बसून राहतं. अख्ख्या हंगामात सरकलं तर काही मिलिमीटर. म्हणून हे खत किती दिलं यापेक्षा कुठं दिलं याला जास्त महत्त्व आहे.

१. आधी गरज आहे का ते बघा. स्फुरद (म्हणजे फॉस्फरस, जो झाडाला फॉस्फेटमधून मिळतो) कमी पडलं की रोप खुरटतं आणि मक्यासारख्या पिकाची जुनी पानं जांभळट होतात. सुरुवात जुन्या पानांपासून होते, कारण मातीत न हलणारं फॉस्फेट झाडाच्या अंगात मात्र छान फिरतं. झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला देतं. तिथं नव्या पेशी तयार होत असतात, आणि डीएनएचा कणाच साखर आणि फॉस्फेटचा असतो. पण नुसत्या थंडीनंही पानं जांभळी पडतात. तेव्हा पानांवर विसंबू नका, माती तपासून घ्या. अहवालात सामूही (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) बघा. तो साधारण ६ ते ७ असेल तर उत्तम. त्याच्या खाली लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेटला धरून ठेवतात, वर गेलात की चुना.

२. पोत्यावरचे आकडे नीट वाचा. डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेट) पोत्यावरच्या १८-४६-० मधला दुसरा आकडा शुद्ध फॉस्फरसचा नसतो, तो फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबातला असतो. त्याला ०.४४ ने गुणा. ५० किलोच्या अशा पोत्यात पेंटॉक्साइड २३ किलो, म्हणजे खरा फॉस्फरस जेमतेम १० किलो. हिशेबाची ही पद्धत जुनी आणि गोंधळाची आहे, पण सुटत नाही.

३. प्रकार निवडा. रॉक फॉस्फेट म्हणजे दळलेला खडक. तो आम्ल मातीतच हळूहळू विरघळतो, चुनखडीच्या जमिनीत जवळपास वाया जातो. या खडकातलं खनिज ॲपेटाइट, म्हणजे आपल्या हाडादातांतल्या खनिजाचंच भावंड. त्यावर गंधकाम्ल ओतून विरघळणारं सुपर फॉस्फेट करायचं पेटंट जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये घेतलं. गंधकाम्ल जास्त वापरलं की खडकातून फॉस्फोरिक आम्ल निघतं. कोलाची आंबट चव त्याचीच, आणि केक फुगवणाऱ्या बेकिंग पावडरमध्येही बऱ्याचदा फॉस्फेट असतं.

४. जागा धरा. हीच खरी पायरी. वरून भुरभुरू नका. बियाण्याच्या शेजारी आणि थोडं खाली, साधारण ५ सेंटिमीटरवर, चर पाडून खत टाका आणि मातीनं झाका. बियाण्याला चिकटून मात्र नको, डीएपीतला अमोनिया कोंब जाळतो. कुंडीत रोप लावतानाच मुळांच्या उंचीवरच्या मातीत कालवा. नंतर वरून चमचाभर टाकून काही साधत नाही. मातीतली मित्रबुरशीही मदत करते. तिचे धागे मुळं पोचत नाहीत तिथून फॉस्फेट ओढून आणतात. खताचा मारा जास्त झाला की झाड तिला थारा देईनासं होतं.

५. बादलीत भेसळ टाळा. मी एकदा वेळ वाचवायला कॅल्शियम नायट्रेट आणि विद्राव्य फॉस्फेट एकाच बादलीत ढवळलं. बघता बघता पाणी दुधासारखं झालं, आणि तासाभरानं तळाला पांढरा गाळ! तो कॅल्शियम फॉस्फेटचा. झाडाच्या वाट्याला काही आलं नाही, गाळणी मात्र तुंबली. दोन्ही द्यायचीच असतील तर वेगवेगळ्या दिवशी द्या.

६. कधी थांबायचं? अहवालात स्फुरद भरपूर असेल तर यंदा देऊच नका. जास्तीचं फॉस्फेट झाडाला जस्त मिळू देत नाही. शिवाय ते मातीला चिकटलेलं असल्यानं जोराच्या पावसात मातीसकट वाहून तळ्यात जातं. तिथं शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. १९६० च्या दशकात अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवराची अशीच गत झाली होती. त्यात साबणाच्या पावडरींमधल्या फॉस्फेटचाही हात होता. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर पोतं उघडू नका, आणि उताराच्या कडेला गवताचा पट्टा राखा.