'एल्डर स्क्रोल्स' खेळताना आठवणी कशा जपाव्यात

'द एल्डर स्क्रोल्स' ही बेथेस्डा कंपनीची संगणकीय खेळांची मालिका १९९४ मध्ये 'अरीना'पासून सुरू झाली, आणि २००२ चा 'मॉरोविंड', २००६ चा 'ऑब्लिव्हियन' व २०११ चा 'स्कायरिम' हे तिचे गाजलेले भाग होत. यांतला एकेक खेळ शेकडो तास पुरतो. म्हणूनच आपण कुठे गेलो आणि कशासाठी गेलो हे पुढे आठवावे असे ज्याला वाटत असेल, त्याने पहिल्या दिवसापासून थोडी तयारी करावी.

सुरुवात 'मॉरोविंड'पासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रे जुनी वाटतील, पण या खेळात कुठे जायचे हे दाखवणारा बाण नाही. गावातला माणूस तोंडी वाट सांगतो, ती रोजनिशीत नोंदली जाते आणि बाकीचे आपल्यालाच शोधावे लागते. नाशिककराला ही पद्धत नवी नाही; रविवार कारंजावरून खाली उतरा, होळकर पूल ओलांडा, मग मालेगाव स्टँडच्या चढावर कुणालाही विचारा, अशाच वाटा आपण आयुष्यभर सांगत आलो आहोत. अशी शोधून काढलेली जागा वीस वर्षांनीही डोळ्यांसमोर उभी राहते, बाणामागे चालत गाठलेली राहत नाही.

त्यासाठी दोनशे पानी एकरेघी वही घ्यावी. डाव्या पानावर वाटेचा कच्चा नकाशा काढावा, उजव्या पानावर तारीख, पात्राची पातळी आणि त्या दिवशी घडलेली एकच गोष्ट लिहावी. सगळे लिहू नये, कारण सगळे लिहिणारा आठवड्याभरात कंटाळतो. माझ्या वहीत आर्कंगथँड या पडक्या वास्तूचे एक पान आहे. बॅल्मोरा गावातल्या हॅसफॅटने तिथून एक कोड्याची पेटी आणायला सांगितली होती. दार उघडण्यासाठी बाहेरच्या नळावरचा दांडा फिरवावा लागतो हे कळायलाच मला एक संध्याकाळ लागली, आणि आत गेल्यावर ती पेटी मांडणीवर इतकी लहानशी पडलेली होती की मी तीनदा तिच्यासमोरून गेलो. त्या पानावर पेटीचे चित्र आहे, आणि कोपऱ्यात आईने जेवायला हाक मारल्याची वेळही आहे. अशी घरातली नोंद अवश्य करावी. पुढे खेळापेक्षा तीच अधिक मोलाची ठरते.

खेळ जिथे सुरू होतो त्या सेडा नीन गावाहून निघाल्यावर आकाशातून ओरडत पडणारा जादूगार तुम्हालाही भेटेल. त्याच्याजवळच्या मंत्रलेखांपैकी एक वापरून प्रचंड उंच उडी मारता येते, मात्र जमिनीवर येण्यापूर्वी दुसरा वापरला नाही तर पात्र मरते. ही उडी मारण्यापूर्वी खेळ सेव्ह करावा.

सेव्हविषयी अधिक काटेकोर राहावे. एका उन्हाळ्यात क्विकसेव्ह, म्हणजे एक कळ दाबून केलेली झटपट सेव्ह, होत असतानाच आमच्या भागातली वीज गेली, ती फाइल पुन्हा उघडलीच नाही, आणि एकाच सेव्हवर मी विसंबलो असल्याने दीड महिन्याचा प्रवास गेला. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या टप्प्यावर मी वेगळी सेव्ह करतो. 'मॉरोविंड'च्या सेव्ह खेळ बसवलेल्या फोल्डरमध्येच असतात, तर 'ऑब्लिव्हियन' आणि 'स्कायरिम'च्या डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स'मध्ये. त्यामुळे संगणक फॉरमॅट करायला देण्यापूर्वी दोन्ही ठिकाणे पाहावीत आणि ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच तयार केलेल्या जोडफायली, वापरले असतील तर त्यांच्या मूळ फायलीही सोबत ठेवाव्यात, कारण त्या नसतील तर जुनी सेव्ह उघडताना खेळ तक्रार करतो किंवा वस्तू नाहीशा होतात.

वही भरली की लगेच दुसरा खेळ सुरू करू नये. काही महिने जाऊ द्यावेत आणि मग एखाद्या पावसाळी रविवारी जुनी सेव्ह उघडून, वहीतले एक पान समोर ठेवून, फक्त ती एक वाट पुन्हा चालावी. मी परवा आर्कंगथँडच्या पुलापर्यंत गेलो, तेव्हा दांडा कोणत्या बाजूला आहे हे वहीत पाहावे लागले नाही.