ब्लेड वळत नाही, गोलाई घासून येते

गोल खांबाभोवती ग्रॅनाइट बसवायचं पहिलं काम आलं तेव्हा मी रेघेवर ब्लेड टेकवलं आणि सायकलचं हँडल वळवावं तसं ग्राइंडर वळवत गेलो. वीतभरही गेलो नसेन, ब्लेड चरात अडकलं, मशीनने मनगटाला हिसका दिला आणि फरशीचा कोपरा टिचून पायाशी पडला. डायमंड ब्लेड ही सपाट चकती, ती सरळच चालणार. खोल चरात वळवली की दोन्ही भिंतींत आवळते. तेव्हापासून मी गोलाई कापत नाही. तिच्या जवळ जाईपर्यंत कापतो, उरलेली घासून काढतो.

आधी साचा. खांब अगदी गोल असेल असं धरून कंपास फिरवू नका, बहुतेक खांब कुठेतरी पोट काढून असतात. पुठ्ठा लावून बघायचा, कातरायचा, परत लावायचा. फट म्हणून २-३ मिमी साच्यातच सोडा, ती शेवटी सीलंटने भरता येते. ओलं कापणार असाल तर रेघ मेणाच्या पेन्सिलीने मारा, साधी पेन्सिल पहिल्याच पाण्यात जाते.

बाहेरची गोलाई सोपी. कोपरा तिरका उडवा, त्यातून निघालेले दोन कोपरे उडवा, मग चार. रेघ २ मिमीवर आली की थांबा.

खरी परीक्षा आतल्या गोलाईची. ब्लेड गोल असतं, त्यामुळे वरून कापताना चर वरच्या बाजूला लांब जातो आणि खालच्या बाजूला आखूड राहतो. वर रेघेपाशी थांबलात तर खाली दगड चिकटलेलाच. खालपर्यंत पोचायला गेलात तर वर रेघ ओलांडली. म्हणून मी चांगल्या बाजूने रेघेवर फक्त १-२ मिमी खोल ओरखडा मारतो, तोही छोट्या छोट्या फटकाऱ्यांत. मग फरशी पालथी. साचाही पालथा करून मागे तीच रेघ आखायची आणि कडेपासून रेघेपर्यंत बोटभर अंतरावर समांतर चर मारायचे. फणीचे दाते तयार होतात. चर जरा पुढे गेलाच तरी तो मागे, जमिनीकडे जातो, कुणाला दिसत नाही. दाते पकडीने एकेक मोडा, हातोडी लांब ठेवा. स्लेटसारखा थरांचा दगड असेल तर दाते अजून जवळ घ्या, नाहीतर दात्याबरोबर वरचा पापुद्राही निघून येतो. पाइपाएवढा बारीक गोल असेल तर हे सगळं सोडा, कोअर बिटने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या पोकळ नळीच्या बिटने, भोक पाडा आणि कडेपासून त्याला दोन सरळ चर जोडा.

ब्लेड अखंड कडेचं घ्या. खाचांचं ब्लेड झपाट्याने कापतं, पण टवके उडवतं. आणि शक्यतो लहान, १०० मिमीचं. गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, काढायचा नाही, "हात जात नाही" हे कारण मी ऐकून घेत नाही. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात क्वार्ट्झ असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. फडकं बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. पाणी वापरणार असाल तर ओल्या कामासाठीच बनवलेलं मशीन घ्या आणि ते ईएलसीबीवरूनच, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरूनच, चालवा.

आता घासणं. पॅड म्हणजे घासायच्या चकत्या, आकडा वाढेल तसं घासणं बारीक. पॅड ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० या क्रमाने, कमी वेगावर. ५० च्या पॅडला सगळ्यात जास्त वेळ द्या, आकार तिथेच येतो. पॅड एका जागी रेंगाळलं की चपटा पट्टा पडतो, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच लयीत फिरवा. मधूनमधून डोळे मिटून कडेवर बोट फिरवा, चपटेपणा डोळ्याआधी बोटाला कळतो. दर पॅडनंतर कड धुवा, पूर्ण सुकवा, बॅटरीचा उजेड तिरका टाकून बघा. ओला दगड खोटं बोलतो, चरे लपवतो. माझ्या हाताखालच्या पोराने एकदा १०० वरून थेट ८०० घेतलं. चकाकी आली, पण आत १०० चे चरे तसेच. परत १०० पासून सुरुवात.

कडेच्या वरच्या-खालच्या दोन्ही धारा २०० च्या पॅडने मिलिमीटरभर बोथट करून घ्या, नाहीतर पहिल्या धक्क्याला टवका जातो. फरशीची वरची बाजू मॅट, म्हणजे बिनचकाकीची, असेल तर कडही ४०० च्या आसपास थांबवा. वालुकाश्माला चकाकी येतच नाही, २०० पुढे मेहनत फुकट.

पांढऱ्या संगमरवराला पांढरेच पॅड. मी एकदा लाल पॅड लावलं, कड गुलाबी झाली आणि ती गुलाबी झाक घासूनही पूर्ण गेली नाही. तो तुकडा अजून बाकाखाली आहे. नवं पॅड आणलं की आधी त्याच्यावर फिरवून बघतो.