फेडिव्हर्समध्ये कम्युनिटी चालवताय? मोठ्या टेक कंपन्यांकडून शिका आणि या चुका टाळा

नोव्हेंबर २०२२ मध्ये मावशीचा फोन आला. मस्कने ट्विटर घेऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तिच्या वाचनकट्ट्यावर कोणीतरी मॅस्टोडॉनचं (ट्विटरसारखंच, पण वेगवेगळ्या लोकांच्या स्वतंत्र सर्व्हरवर चालणारं) नाव काढलं होतं आणि मावशी ॲप उघडून बसलेली. "अगं, हा मला सर्व्हर निवड म्हणतोय, आपला कुठला असतो?" मग मी वीस मिनिटं तिला ईमेलचं उदाहरण दिलं, जीमेल वेगळं, याहू वेगळं पण पत्र सगळीकडे पोचतं, तसंच हे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, तू आलीस की करून दे." महिन्याभराने मी गेले तोवर तिने ॲप काढून टाकलं होतं.

मी स्वतः गेली काही वर्षं दीडेकशे लोकांचा एक मराठी सर्व्हर चालवते, दोन मैत्रिणी मदतीला आहेत, आणि मला फेडिव्हर्स, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या अशा स्वतंत्र सर्व्हरचं हे जग, मनापासून आवडतं कारण इथे लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मध्ये जाहिरातवाला बसलेला नसतो. म्हणूनच सांगते, की आपण मोठ्या कंपन्यांना नावं ठेवतो ते ठीक आहे, पण त्यांच्याकडे प्रत्येक सांध्यावर कोणीतरी नेमलेलं असतं. नवा माणूस आत कसा येणार, पासवर्ड विसरला तर काय, डेव्हलपर अडला तर कुठे विचारणार, वीजबिल कोण भरणार, हे सगळं कोणाच्या तरी कामात असतं. आपल्याकडे ते कोणाच्याच कामात नसतं आणि सगळं तिथेच गळतं. त्यांनी ग्राहक कोंडून ठेवायला जे केलं ते घ्यायचं नाही, पण लोकांचं अडू नये म्हणून जे केलं ते बिनधास्त घ्यायचं.

चूक पहिली: नव्या माणसाला दारातच परीक्षेला बसवणं

लक्षण काय, तर लोक येतात, एक पोस्ट टाकतात, "इथे कसं काय असतं?" विचारतात आणि गायब होतात. भारतात हे नोव्हेंबर २०१९ मध्येच दिसलं होतं. सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झालं, त्यावर चिडून खूप भारतीय लोक मॅस्टोडॉनवर आले, आठवडाभर नुसती धमाल, आणि मग बहुतेक सगळे परत. २०२२ च्या शेवटी मॅस्टोडॉनचे महिन्याचे ॲक्टिव्ह युजर २५ लाखांच्या आसपास गेले होते, काही महिन्यांतच त्यातले खूप गळाले. उलट जुलै २०२३ मध्ये मेटाने थ्रेड्स हे ट्विटरसारखं ॲप आणलं तेव्हा इन्स्टाग्रामचं लॉगिन आणि ओळखीचे लोक तयारच होते, त्यामुळे ५ दिवसांत १० कोटी लोक आले. त्यात तंत्रज्ञानाची काही जादू नव्हती, फक्त दारात प्रश्न विचारले नाहीत.

मे २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या ॲपने मुख्य सर्व्हर आपोआप सुचवायला सुरुवात केली तर आपल्यातल्याच बऱ्याच जणांनी ओरड केली की हे तर केंद्रीकरण झालं. भीती खरी आहे, सगळे एकाच सर्व्हरवर जमले तर मग वेगळं काय राहिलं. पण त्यावर उपाय असा की माणसाला आपण आपल्या सर्व्हरची थेट इन्व्हाइट लिंक पाठवायची, निवडायला लावायचंच नाही. मॅस्टोडॉनच्या इन्व्हाइट लिंकमध्ये एक टिक असते, ती केली की नवा माणूस येताक्षणी तुम्हाला फॉलो करतो, म्हणजे त्याची टाइमलाइन रिकामी राहत नाही. त्याच्या जोडीला तीस-चाळीस चांगल्या अकाउंट्सची यादी हाताशी ठेवा. ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच ॲपने जून २०२४ मध्ये स्टार्टर पॅक आणले ते हेच, आणि त्यांना त्याचा भरपूर फायदा झाला. आमच्याकडे आता नवा माणूस आला की पहिल्या दिवशी कोणीतरी त्याच्या पोस्टला उत्तर द्यायचंच असं ठरलेलं आहे, आणि माझ्या अनुभवाने सांगते, एवढ्याने टिकणारी माणसं दिसण्याइतकी वाढली.

चूक दुसरी: प्रोटोकॉल म्हणजेच प्रॉडक्ट असं समजणं

आपल्या लोकांना कुठेही उभं करा, ते ॲक्टिव्हिटीपब (सर्व्हरनी एकमेकांशी बोलायचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल) समजावायला लागतात. समोरच्याला त्याचं काही नसतं. आपल्या रोजच्या बघण्यातलं उदाहरण घ्या, यूपीआय. २०१६ मध्ये एनपीसीआय या बँकांच्या सामायिक संस्थेने ते आणलं आणि आज भाजीवालीच्या गाडीवर एका कंपनीचा क्यूआर असतो, तुमच्या फोनमध्ये दुसऱ्याच कंपनीचं ॲप, दोघींच्या बँका तिसऱ्या आणि चौथ्या, तरी पैसे पोचतात. ती फक्त त्या डब्यातून आवाज येतो का ते ऐकते, आवाज आला की कोथिंबिरीची जुडी पिशवीत. मागे काय नियम आहेत हे तिला कोणी कधी शिकवलं नाही आणि शिकवायची गरजही पडली नाही.

अर्थात यूपीआय काही विकेंद्रित नाही, मधे एनपीसीआय बसलेली आहे. आणि तिथेही सोय जिंकते म्हणजे काय होतं ते बघण्यासारखं आहे: फोनपे आणि गुगल पे मिळून ८०% च्या आसपास व्यवहार जातात, कुठल्याही एका ॲपकडे ३०% पेक्षा जास्त वाटा नको असा नियम २०२० मध्ये जाहीर झाला पण त्याची मुदत पुढे ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत आली. म्हणजे नियम खुला ठेवला की गर्दी आपोआप वाटली जाते असं नाही. चांगली ॲप्स चारपाच तरी हवीत आणि ती सोपी हवीत.

चूक तिसरी: एक माणूस, एक सर्व्हर, एक पासवर्ड

याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण यात लोकांचं खरंखुरं नुकसान होतं.

आमच्याकडे एकदा रात्री पावणेदोनला मैत्रिणीचा मेसेज आला की फोटो चढत नाहीयेत. मी बघेपर्यंत साध्या पोस्टही पडेनात, लॉगिन होईना. डिस्क काठोकाठ भरली होती. बाहेरच्या सर्व्हरवरून येणारे फोटो आणि व्हिडिओ आपल्याकडे कॅश होत, म्हणजे तात्पुरते साठत राहतात, त्यांनी सगळी जागा खाल्ली होती, पोस्टग्रेस या डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही आणि सगळं ठप्प. टूटसीटीएल या मॅस्टोडॉनच्या ॲडमिनसाठीच्या साधनाची मीडिया रिमूव्ह कमांड चालवून सात दिवसांपेक्षा जुनी कॅश काढली आणि पहाटे साडेतीनला गाडी रुळावर आली. तुमच्याकडे हे होऊ नये म्हणून आजच ॲडमिनच्या सर्व्हर सेटिंगमध्ये कंटेंट रिटेन्शनला जा आणि मीडिया कॅशला ७ किंवा १४ दिवस टाका. पण त्याच पानावर बाहेरच्या पोस्ट काही दिवसांनी उडवायचं जे सेटिंग आहे त्याला हात लावू नका, त्यात लोकांचे बुकमार्क पण जातात आणि परत आणता येत नाहीत.

आता विचार करा, त्या रात्री मी प्रवासात असते तर? सर्व्हरची चावी तेव्हा फक्त माझ्याकडे होती. दीडशे लोक सकाळपर्यंत बाहेर. मोठ्या कंपनीत रात्रपाळीला माणूस असतो, त्याचा फोन लागला नाही तर पुढचा कोण हे लिहिलेलं असतं. आपल्याला पगारी रात्रपाळी परवडत नाही, पण दुसऱ्या माणसाकडे चावी देणं तर फुकट आहे! मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर जो सर्व्हर करारनामा पाळावा लागतो त्यात हेच आहे: रोज बॅकअप, किमान आणखी एका माणसाकडे आणीबाणीचा ॲक्सेस, आणि बंद करायचं झालं तर लोकांना किमान ३ महिने आधी सूचना. यादीत यायचं नसलं तरी हे पाळा.

बॅकअप म्हणजे नुसता डेटाबेस नाही. लोकांनी चढवलेल्या फाइल्स हव्यात, आणि डॉट ईएनव्ही डॉट प्रॉडक्शन ही फाइल हवीच हवी, तिच्यात सगळ्या गुप्त चाव्या असतात, ती हरवली तर डेटाबेस असूनही लोक लॉगआउट होतात आणि दुहेरी पडताळणीसारख्या गोष्टी बंद पडतात. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर खूश होऊ नका, सहा महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या मशीनवर चढवून बघा, आमचा पहिला बॅकअप अर्धवट निघाला होता हे आम्हाला असंच कळलं.

डोमेनचंही तेच. क्विअर डॉट एएफ नावाचा सर्व्हर होता, एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तालिबान सरकारच्या खात्याने ते काढून घेतलं आणि सर्व्हर संपला. मॅस्टोडॉनचं डोमेन एकदा सुरू झाल्यावर बदलता येत नाही, त्यामुळे दिसायला गोड म्हणून लांबच्या देशाचं डोमेन घेऊ नका. केबिन या रेडिटसारख्या (चर्चेच्या साइटसारख्या) सॉफ्टवेअरचं उदाहरण तर अजून चटका लावणारं आहे. २०२३ मध्ये रेडिटवरून निघालेल्या कितीतरी लोकांना ते आवडलं होतं, पण सगळा भार एकाच डेव्हलपरवर, त्याची तब्येत आणि घरच्या अडचणी आल्या आणि मुख्य सर्व्हर २०२४ मध्ये बंद पडला. वाचलं ते इतर लोकांनी आधीच एमबिन नावाने कोड पुढे चालवायला घेतला होता म्हणून. मॅस्टोडॉनमध्ये मात्र हे वेळेत ओळखलं असं मला वाटतं, यूजेन रोचको यांनी २०१६ मध्ये सुरू केलेलं काम, नोव्हेंबर २०२५ मध्ये ते स्वतः सीईओपदावरून बाजूला झाले आणि संस्था नव्या माणसांच्या हाती दिली. अशी तयारी दीडशे लोकांच्या सर्व्हरलाही लागते.

चूक चौथी: पैशाचं बोलायला लाजणं

सोसायटीत पाणी सगळ्यांना हवं असतं आणि मेंटेनन्सचं नाव काढलं की सगळे बूट घालतात, तसं इथे. आम्ही दोन वर्षं खिशातून भरलं आणि मनातल्या मनात कुढत राहिलो, शेवटी एक दिवस महिन्याचा सगळा खर्च रुपयांत सगळ्यांसमोर मांडला: सर्व्हर, स्टोरेज, डोमेन, बॅकअप. आठवडाभरात वर्षाची सोय झाली. लोक कंजूष नव्हते, त्यांना माहीतच नव्हतं. सोशल डॉट को-ऑप नावाचा सर्व्हर तर सरळ सहकारी पद्धतीने चालतो, सभासद वर्गणी भरतात आणि निर्णयात मत देतात. महाराष्ट्रात साखर कारखान्यांपासून पतपेढ्यांपर्यंत सहकार गावोगावी माहीत आहे, त्यातलं चांगलं-वाईट दोन्ही आपण बघितलंय, ते इथे वापरायला काय हरकत आहे?

मागे संस्था आहे म्हणून निर्धास्त राहू नका एवढं मात्र बघा. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने आपला सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला.

चूक पाचवी: मॉडरेशन म्हणजे वेळ मिळाला की बघू

२०२३ मध्ये स्टॅनफोर्डच्या संशोधकांनी मोठ्या मॅस्टोडॉन सर्व्हरवर दोन दिवस नजर ठेवली तर मुलांच्या लैंगिक शोषणाचं आधीपासून माहीत असलेलं साहित्य ११२ वेळा सापडलं. मोठ्या कंपन्यांकडे असं साहित्य आपोआप ओळखायची यंत्रणा असते, मायक्रोसॉफ्टचं फोटोडीएनए २००९ पासून आहे. आपल्याकडे ती बसवलेली नसते आणि बघणारी माणसं थकलेली असतात. यावर "आम्ही छोटे आहोत" हे उत्तर नाही. नोंदणी मंजुरीने ठेवा, म्हणजे आलेला अर्ज कोणीतरी वाचेल, नियम मराठीत लिहा, आणि रिपोर्ट बघायची पाळी लावा, एकाच माणसावर रोज ती घाण टाकू नका. जून २०२३ मध्ये लेमी या फेडिव्हर्समधल्या रेडिटसारख्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बीहॉ सर्व्हरने दोन मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले तेव्हा शिव्या खाल्ल्या, पण कारण प्रामाणिक होतं: तिथे नोंदणी खुली आणि यांचे मॉडरेटर मोजके, सांभाळणं शक्य नव्हतं. झेपेल तेवढंच दार उघडं ठेवावं, मला यात काही चुकीचं वाटत नाही.

चूक सहावी: डेव्हलपरला गृहीत धरणं

इथे मोठ्या कंपन्यांनी दोन्ही धडे दिलेत. आधी नीट एपीआय (बाहेरची ॲप्स जोडायची सोय) आणि नमुने देऊन हजारो लोकांना आपल्याभोवती जमवलं, मग २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरची ॲप्स बंद पाडली आणि रेडिटच्या नव्या दरांमुळे अपोलोसारखं लोकांचं लाडकं ॲप ३० जूनला मिटलं. ट्विटरसाठी ट्वीटबॉट बनवणारे मग मॅस्टोडॉनसाठी आयव्हरी घेऊन आले, म्हणजे चांगली माणसं आपल्याकडे यायला तयार आहेत. त्यांना स्वच्छ डॉक्युमेंटेशन द्या आणि "कोड वाच की" हे उत्तर देणं बंद करा.

चूक सातवी: मोठी कंपनी आली की एकतर गळ्यात पडणं नाहीतर कडी लावणं

गुगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या चॅट प्रोटोकॉलवर आलं, २००६ मध्ये बाहेरच्या सर्व्हरशी बोलायला लागलं, आणि २०१३ मध्ये आणलेल्या हँगआउट्समध्ये गुगलने ते दार ठेवलंच नाही. ज्यांचे निम्मे मित्र तिकडे होते त्यांचे मित्रच गेले. थ्रेड्स डिसेंबर २०२३ पासून ॲक्टिव्हिटीपब चाचपायला लागलं तेव्हा बऱ्याच ॲडमिननी आधीच ब्लॉक करायची शपथ घेतली होती. आम्ही आमच्या लोकांना विचारलं आणि मर्यादित ठेवलं, म्हणजे ज्याला हवं तो फॉलो करेल पण तिकडचा लोंढा आमच्या सार्वजनिक टाइमलाइनवर येणार नाही. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो, फक्त लोकांना न विचारता एका रात्रीत करू नका, त्यांची नाती तुटतात.

आणि जाताना काय

सर्व्हर बदलायचा असेल त्याने नव्या अकाउंटवर आधी जुन्याचं नाव उपनाव म्हणून जोडायचं, मग जुन्यावरून हलवायचं. फॉलोअर आपोआप येतात. आपण ज्यांना फॉलो करतो ती यादी आणि ब्लॉकची यादी सीएसव्ही फाइल म्हणून काढून नव्या ठिकाणी चढवावी लागते. पोस्ट मात्र येत नाहीत, त्या जुन्या घरीच राहतात, म्हणून आर्काइव्ह (आपल्या पोस्टची प्रत) आधी उतरवून घ्या, ते सात दिवसांतून एकदाच मागता येतं. एकदा हलल्यावर ३० दिवस परत हलता येत नाही. आणि हे सगळं जुना सर्व्हर चालू असतानाच होतं, तो पडला की काहीच करता येत नाही, म्हणून तुमच्या ॲडमिनला आजच विचारा की दुसरी चावी कोणाकडे आहे.