एसओपी म्हणजे निवेदन नव्हे : शांतता अभ्यासाच्या एम.ए.ला अर्ज करण्याआधी

शांतता आणि संघर्ष अभ्यासाच्या एम.ए.साठी कोकणातून जे अर्ज जातात, त्यांतला सर्वांत कच्चा कागद आमच्या मते हेतुपत्राचा, म्हणजे एसओपीचा असतो. गुण बरे असतात, इंग्रजी चालण्यासारखं असतं. पण एसओपी वाचायला घेतली की तहसील कार्यालयात द्यायचं निवेदन हातात आल्यासारखं वाटतं. प्रकल्प आला, गावावर अन्याय झाला, प्रशासन ऐकत नाही, तरी आपण लक्ष घालावे ही विनंती. निवड समितीला लक्ष घालायचं नसतं. उमेदवाराला भांडण उलगडून दाखवता येतं का, एवढंच तिला पाहायचं असतं.

उलगडण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे. २० मार्च १९२७चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, १९३०चे शिरोड्याचा मिठाचा आणि चिरनेरचा जंगलाचा सत्याग्रह, खोतांविरुद्ध चरीच्या कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षं रेटलेला संप. शांतिसेना १९५७ साली उभी करणारे विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. अलीकडचं म्हणाल तर जैतापूर, नाणार, बारसू इथले प्रकल्पांचे वाद. पण हे सगळं एका एसओपीत कोंबलं की त्याचा नुसता इतिहासाचा निबंध होतो. एकच वाद घ्या, आणि तोही असा, की ज्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांशी तुम्हाला बोलता येतं.

उदाहरण म्हणून पर्ससीन (थव्याला वेढा घालून ओढायचं मोठं जाळं) वापरणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद घेऊ. निवेदनाच्या भाषेत तो दोन ओळींत संपतो: मोठे लहानांना लुटतात, सरकार गप्प आहे. अभ्यासाच्या भाषेत पहिलं काम म्हणजे पक्ष मोजणं. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि उभी जाळी लावणारे गिलनेटवाले एका बाजूला आणि पर्ससीनचे मालक दुसऱ्या बाजूला, हे दिसतंच. पण नौकांवरचे परप्रांतीय खलाशी, बर्फ कारखानदार, बंदरावरचे एजंट, टोपली घेऊन बसणाऱ्या बायका आणि परवाने देणारं मत्स्यव्यवसाय खातं हेही पक्षच आहेत. बर्फवाल्याला दोन्हीकडचं गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून त्याचं मत वेगळं असतं. दुसरं काम म्हणजे प्रत्येक पक्ष मागतो काय आणि त्याला खरी गरज कशाची, हे वेगळं काढणं. ‘पर्ससीन बंद करा’ ही मागणी झाली. तिच्या पोटात असते ती हंगामात जाळ्यात काहीतरी पडेल याची हमी, आणि तिच्यावर बंदीखेरीज दुसरेही उपाय निघू शकतात. तिसरं काम नियम नेमके सांगणं. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा, त्यात मोठी दुरुस्ती २०२१ची. पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवणारा आदेश ५ फेब्रुवारी २०१६चा. राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे केंद्राचा. बराचसा वाद या रेषेवरच पेटतो, कारण कोणती नौका रेषेच्या आत होती हे रात्री समुद्रात सिद्ध कोण करणार?

इथे योहान गाल्टुंग यांचा त्रिकोण उपयोगी पडतो. १९५९ साली ऑस्लोची शांतता संशोधन संस्था उभी करणारे हेच गाल्टुंग. त्यांच्या मांडणीत संघर्षाला तीन टोकं असतात: वर्तन, वृत्ती आणि मुळातला विरोध. नौका अडवणं, जाळी कापणं हे वर्तन. ‘ते असलेच’ ही वृत्ती. एकाच माशावर दोन तंत्रांची गुजराण, हा मुळातला विरोध. एसओपीत हे तीन शब्द मिरवायची गरज नाही. परिच्छेद त्या क्रमाने लागले तरी वाचणाऱ्याला समजतं. शेवटी एक प्रश्न असावा, आणि तो दोन वर्षांत अभ्यासून होईल एवढा लहान असावा. ‘कोकणात शांतता कशी नांदेल’ हा प्रश्न फार मोठा. ‘बंदर समितीत ज्या बंदरांवर दोन्ही गटांचे लोक बसतात तिथे तक्रारी पोलिसांपर्यंत कमी जातात का’ हा बरोबर मापाचा.

शब्दमर्यादा बहुतेक ठिकाणी ५०० ते १००० असते. त्यातला निम्मा भाग वाद आणि प्रश्न यांना, उरलेला ‘हाच विभाग का’ आणि ‘पुढे काय’ यांना. ‘मला लहानपणापासून शांततेची आवड आहे’ हे वाक्य काढून टाका. ‘जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा’ हे गांधीजींच्या नावावर फिरणारं वाक्यही नको. त्या शब्दांत ते त्यांच्या लेखनात सापडत नाही, आणि वाचणाऱ्या प्राध्यापकाला ते ठाऊक असतं. गावातल्या माणसांची खरी नावं लिहू नका. ‘स्थानिक सोसायटीचे एक पदाधिकारी’ एवढं पुरतं, आणि संशोधनाची नीतिमत्ता तुम्हाला कळते हेही त्यातून दिसतं.

विभाग निवडताना गल्लत होते, कारण एकाच नावाखाली फार वेगवेगळं शिकवलं जातं. स्वीडनमधल्या उप्सालाचा विभाग आकडेवारीचा. जगभरच्या सशस्त्र संघर्षांची नोंद तिथे ठेवली जाते आणि वर्षाला लढाईत किमान २५ मृत्यू झाले तरच संघर्ष त्या यादीत येतो. आपल्याकडचा कुठलाच प्रकल्पविरोध त्या मापात बसत नाही. तिथे अर्ज करायचा तर प्रश्न उलटा विचारा: एवढा ताण असूनही हिंसा वाढली का नाही? संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर उप्सालाच्या वाटेला जाऊ नका. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा विभाग १९७३चा. अमेरिकेतल्या नोत्र दामच्या क्रॉक संस्थेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि प्रत्यक्ष कामाकडे झुकणारा. कोस्टा रिकातलं शांतता विद्यापीठ १९८० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातून उभं राहिलं. जर्मनीत माग्डेबुर्गला हा विषय इंग्रजीतून आहे. पण जर्मन व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना आधी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) काढावं लागतं आणि त्यात महिने जातात, तेव्हा ते पहिलं हाती घ्या. नॉर्वेत शिक्षण फुकट, हा सल्ला आता जुना झाला; २०२३ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे फी आहे.

भारतात जामिया मिलियाच्या नेल्सन मंडेला केंद्रात संघर्ष विश्लेषणाचं एम.ए. आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा शांतता आणि संघर्ष अभ्यास गुवाहाटीला आहे, तुळजापूरला किंवा देवनारला नाही, प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून. वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात गांधी आणि शांतता अभ्यास आहे. घर सोडता येत नसेल तर इग्नूचं गांधी आणि शांतता अभ्यासाचं एम.ए. कुठल्याही पदवीवर, प्रवेश परीक्षेशिवाय, जानेवारी किंवा जुलैत सुरू करता येतं. ते कमी दर्जाचं समजायचं कारण नाही. बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांना उलट ते सोयीचं, कारण परदेशातले बरेच विभाग सामाजिक शास्त्रांची पार्श्वभूमी मागतात.

परदेशात सप्टेंबरला वर्गात बसायचं तर तयारी आदल्या वर्षीच्या मे-जूनपासून. चेव्हनिंग या ब्रिटन सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो, म्हणजे बरोबर गणपतीच्या धामधुमीत. त्या पंधरवड्यात ना सर फोन उचलतात, ना कॉलेजचा शिक्का मिळतो. शिफारशीसाठी नावं विचारायची ती नागपंचमीच्या आधी. स्वीडनच्या सगळ्या विद्यापीठांसाठी एकच सामायिक अर्ज असतो, ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. फी ९०० स्वीडिश क्रोनर. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नाही, तेव्हा अपलोड करायचं काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ खातं ते ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्रित दाखला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजच्या खिडकीवर मिळत नाही, ते कलिन्याच्या परीक्षा भवनातून येतं. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, केटी सुटलेल्या असतील तर त्यांच्याही, आधी स्कॅन करून ठेवा. एक गुणपत्रिका हरवलेली निघाली तर दुय्यम प्रतीसाठी वेगळा अर्ज, आणि महिना गेला. गुणांच्या मापावरही लक्ष ठेवा: विद्यापीठाच्या जुन्या बॅचना श्रेणी ७ पैकी आहे, नंतरच्यांना १० पैकी. सातपैकी ५.८ हे दहापैकी म्हणून वाचलं गेलं तर अर्ज पहिल्या चाळणीतच गळतो. फॉर्ममध्ये कमाल श्रेणीचा रकाना असतो, तो नीट भरा आणि गुणपत्रिकेमागची श्रेणीसारणीही जोडा.

नावाचा घोळ त्याहून वाईट. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, आधारवर वेगळा क्रम, पासपोर्टवर तिसराच. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर चौथं. पासपोर्ट प्रमाण धरा, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची नोंदणी त्याच स्पेलिंगने करा आणि बाकी कागदांसाठी एक प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकच घ्यायची, जनरल नाही. बहुतेक विभाग ६.५ मागतात, निकाल दोन वर्षं चालतो. मराठी माध्यमातून आलेल्यांची गाडी सहसा लेखनात अडते. बोलण्याच्या ११ ते १४ मिनिटांची उगाच धास्ती घेतली जाते.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. दोन्ही पत्रांची भाषा तुमच्या एसओपीसारखी निघाली तर ते लगेच लक्षात येतं. त्याऐवजी त्यांना एक पानाचं टिपण द्या: कोणत्या वर्षी कोणता पेपर शिकवला, प्रकल्प काय होता, वर्गात कशावर वाद घातला, मुदत कधी. पत्र अपलोड करायचा दुवा त्यांच्या ईमेलवर येतो आणि बहुधा स्पॅममध्ये जातो. कॉलेजचा ईमेल पत्ता असेल तर तोच द्या. आमदारांच्या लेटरहेडचा इथे काही उपयोग नाही. तुमचं काम ज्याने जवळून पाहिलंय त्या संस्थेच्या समन्वयकाचं साधं पत्र कितीतरी वजनदार.

कामाच्या अनुभवात आपली मुलं स्वतःला उगाच कमी लेखतात. तालुका विधी सेवा समितीतलं पॅरालीगल स्वयंसेवकाचं काम, ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातली बचतगटांची बांधणी, मच्छीमार सोसायटीचा पत्रव्यवहार, स्थानिक दैनिकाची बातमीदारी, २००७च्या तंटामुक्त गाव मोहिमेतून आलेल्या समितीत केलेलं टिपण, हे सगळं थेट विषयातलं आहे. फक्त तासांत आणि कृतीत लिहा: किती तंटे नोंदवले, किती मिटले, कुठले मिटले नाहीत. चेव्हनिंगला २८०० तास लागतात आणि त्यात अर्धवेळ नि स्वयंसेवी कामही धरतात. रोटरी पीस फेलोशिपला एम.ए.साठी किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. तिची मुदत १५ मे, आणि प्रवेश पुढच्या वर्षीचा. शिक्षण, राहणं, प्रवास सगळं त्यात येतं, एम.ए. मात्र स्वतःच्या देशाबाहेरच करायचं. अट एक ध्यानात ठेवा: रोटरी क्लबचे सभासद, त्यांची मुलं आणि नातवंडं अपात्र. बाबा क्लबात असतील तर त्या अर्जावर एक संध्याकाळही घालवू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज दोन्ही पाहाव्यात. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून विद्यापीठ निवडण्याच्या आधी त्या वर्षीचा जीआर वाचा. २०२२च्या केंद्रीय नियमांत भारतावर आधारित सामाजिक संशोधनाचे विषय वगळले होते. तुमचा प्रश्न कोकणावर असेल तर ही ओळ आधी तपासायची.

आंदोलनात उतरलेल्यांसाठी एक स्वतंत्र गोष्ट. गुन्हा दाखल असणं आणि न्यायालयात खटला प्रलंबित असणं यांत पासपोर्टच्या दृष्टीने फरक आहे. खटला उभा असेल तर ज्या न्यायालयात तो आहे तिथूनच परदेशी जाण्याची परवानगी आणावी लागते. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट सहसा एकाच वर्षाचा मिळतो, आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तो अपुरा पडतो. वकिलाला अर्जात अभ्यासक्रमाचा पूर्ण कालावधी लिहायला सांगा. प्रवेशाच्या किंवा व्हिसाच्या फॉर्ममध्ये विचारलं असेल तर कलम आणि सद्यस्थिती खरी सांगा. शांततापूर्ण निदर्शनातल्या गुन्ह्याची या विभागांना नवलाई नसते. लपवलेली गोष्ट सापडली तर मात्र प्रवेश जातो.

काही ठिकाणी ऑनलाइन मुलाखत असते, वीस-तीस मिनिटांची. वेळ त्यांच्या घड्याळाची असते, ती भारतीय वेळेत बदलून लिहून ठेवा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ एक तास सरकतं. घरचं नेट डळमळीत असेल तर कॉलेजच्या संगणक कक्षासाठी आधी परवानगी घ्या. बारसू, जैतापूर किंवा पर्ससीन, वाद कुठलाही असो, एक प्रश्न हमखास येतो: तुमच्या विरोधी बाजूचं म्हणणं तिला पटेल अशा शब्दांत सांगा. त्याची तयारी एसओपी लिहितानाच करा. लिहिलेला परिच्छेद पर्ससीनच्या मालकाला वाचून दाखवा आणि तो कुठे मान हलवतो, कुठे अडवतो, ते बाजूला टिपून घ्या.